गुरुदत्तचे सोळा माइक

गुरुदत्त टिपणीसचे वडील अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत अधिकारी होते. मुलगा इंजिनियर होणार हे त्यांनी तो शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. मुलाने डिप्लोमा अर्ध्यावर सोडला आणि तो उल्हासनगरात हिरानंद शेठच्या कॅसेटच्या दुकानात मोडके टेपरेकॉर्डर उघडून बसायला लागला. तेव्हापासून कोणी विचारलं की वडील म्हणत, "तो इलेक्ट्रॉनिक्समध्ये असतो," आणि चहा झाला का ते बघायला आत जात.

आईचं तसं नव्हतं. घर शिवमंदिराच्या अलीकडच्या गल्लीत. सोमवारी संध्याकाळी ती हातपाय धुऊन टाळ घेऊन निघायची आणि देवळाच्या आवारात बनूबाईच्या मागे जाऊन बसायची. बनूबाई म्हात्रे पलीकडच्या गावची. शेताचा मोठा तुकडा एमआयडीसीत गेला होता, उरलेल्यात ती भाजी लावायची आणि टोपली घेऊन ह्याच गल्लीत विकायला यायची. वडिलांना ते खटकायचं.

"सकाळी जिच्याशी वांग्यावरून भांडतेस, संध्याकाळी तिच्याच मागे बसतेस?"

"वांग्याचं भांडण वेगळं," आई म्हणायची. "देवळात ती म्हणेल ते खरं."

बनूबाईचा आवाज गोड नव्हता. जाडाभरडा, थोडा नाकातला. पण तिने ओळ धरली की रस्त्याने चाललेला माणूस चप्पल काढून उभा राहायचा. आणि मंडळाची खरी गोडी त्याच्या पुढेच होती. बनूबाईची ओळ संपायच्या आत मागच्या बायका ती उचलायच्या. शेवटचं अक्षर तिच्या तोंडात असतानाच ह्या त्यावर येऊन बसायच्या, आणि ह्यांचं संपायच्या आत ती पुढची ओळ धरायची. जोड कुठे आहे ते कळायचं नाही. त्याला त्या 'उचल' म्हणायच्या. बनूबाईच्या सासूपासून चालत आलेली पद्धत.

"देवासमोर मधेच गप्प व्हायचं नाय," बनूबाई सांगायची. "तो म्हणेल, दमली वाटतं."

आई गेली तेव्हा गुरुदत्त कॅसेट भरण्याच्या कामात चांगला मुरला होता. लग्नाची गाणी, कव्वाल्या, झूलेलालची गाणी, हजारो कॅसेट त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. आईचा आवाज मात्र त्यातल्या एकीवरही नव्हता. बनूबाई भेटायला आली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तुमचं भजन मी भरून ठेवणार. सगळ्या बायकांसकट."

"भर की. आम्ही कुठं पळून चाललो?"

भरायला गेला तेव्हा कळलं, ते वाटतं तितकं सोपं नाही. शेठने दुकानाच्या वर एक खोली करून घेतली होती. भिंतींना गोणपाट, त्यावर जुने गालिचे, आणि एक मिक्सर, त्याला चार माइक लागायचे. मधोमध एकच माइक ठेवून बघितलं, तर ढोलकी सगळ्यांना खाऊन टाकी. मग धंद्यातल्या रीतीने केलं: आधी ढोलकी-पेटी, मग बनूबाई एकटी, शेवटी बाकीच्या बायका. कानाला हेडफोन लावून बायका ऐकत होत्या आणि आपली पाळी आली की म्हणत होत्या. भरून झालं, गुरुदत्तने सगळ्यांना ऐकवलं. बनूबाई मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"आरे दत्ता, हे भजन हाय का रेशनची लाइन? एकीचं झाल्यावर दुसरी."

बायका हसल्या. गुरुदत्तही हसला, पण त्याच्याही कानाला तेच कळलं होतं. उचल गेली होती. नुसत्या ओळी उरल्या होत्या.

"पुसून टाक," बनूबाई म्हणाली. "देवाला आवडायचं नाय."

त्याने तिच्या देखत पुसलं. "सगळ्यांना एकदम घेता येईल तेव्हाच बोलावतो," असा शब्दही दिला.

त्या शब्दापायी त्याची मधली वर्षं गेली. लग्न झालं, बदलापुरात कात्रपला फ्लॅट घेतला, पण डोक्यातून ते जाईना. बायको नीलिमा म्हणायची, "लोकांचे नवरे दुबईला जायचं म्हणतात. आमच्यांना माइक पाहिजेत."

सत्त्याण्णव साली शेठने डिजिटल मिक्सर आणला आणि त्याच्यासाठी खोलीत एसी बसवला. पडद्यावर आकडे उमटायचे, आवाजाच्या दांड्या हात न लावता आपोआप सरकायच्या. शेजारचे दुकानदार बघायला आले. पण माइक त्याला आठच, आणि रेकॉर्डरमध्येही आठच ट्रॅक. गुरुदत्तने मागची बाजू बघितली तर तिथे एक बंद खाच होती. माहितीचं पुस्तक वाचून त्याने काढलं की त्या खाचेत एक कार्ड बसतं, त्या कार्डाला एक वेगळी पेटी जोडता येते, जोडायची वायर दोऱ्याएवढी आणि तिच्यातून वीज नव्हे, उजेड जातो. त्या पेटीला आणखी आठ माइक. जोडीला दुसरा रेकॉर्डर घेतला की सोळा जण एकदम, आणि प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा.

तो शेठकडे गेला.

"साईं, आठ में क्या तकलीफ है?" शेठ म्हणाला. "माझ्या लग्नात एकच माइक होता. पंडित से लेके सास तक सबका आवाज आया."

"आला, शेठ. पण सगळ्यात मोठा सासूचाच आला ना?"

"वो तो बिना माइक के भी आता."

"म्हणूनच म्हणतो. सोळा माइक घ्या. सगळे एकदम गातील आणि तरी प्रत्येकाचा आवाज वेगळा राहील. नंतर पाहिजे तो वर घ्या, नको तो खाली करा. तुम्ही म्हणाल तसं."

हे शेवटचं त्याने शेठला पटावं म्हणून घातलं होतं. शेठला तेवढंच पटलं.

पेटी आली. जोडणी झाल्यावर आवाजात टिकटिक यायला लागली, चुलीत ओली काटकी तडतडावी तशी. शेठचा चेहरा उतरला. दोन्ही यंत्रं आपापल्या आतल्या घड्याळाने चालली होती. एकाने दुसऱ्याचं घड्याळ मानायचं, एवढं त्यांना सांगायचं राहिलं होतं. सांगितल्यावर टिकटिक थांबली, आणि गुरुदत्त तसाच उठून अंबरनाथला बनूबाईला बोलवायला गेला.

बायका तीन-तीन, चार-चार करून रिक्षांतून आल्या. बनूबाईने खुर्च्या बाहेर काढायला लावल्या आणि सतरंजी मागितली. समई लावली. उदबत्ती काढली तेव्हा शेठने हात जोडले, "माताजी, धुआं नहीं. मशीन है."

"यंत्राला थंड हवा, देवाला उदबत्ती नाय," बनूबाई म्हणाली आणि पुडा पिशवीत ठेवला.

प्रत्येकीसमोर माइक होता. वेणूबाई, जिने जन्मात कधी एकटीने ओळ म्हटली नव्हती, ती माइककडे बघून म्हणाली, "हा माझा एकटीचा? मग मी इलेक्शनला उभी राहू का?"

पहिली ओळ निघाली. गुरुदत्तचा हात दांडीवर होता. शेवटच्या अक्षरावर बायका आल्या, आणि उचल झाली. देवळात व्हायची तशीच, जोड न दिसता. त्याने डोळे मिटले. आई असती तर तिचा माइक कुठे लावला असता, ते त्याने मनातल्या मनात ठरवून बघितलं. वेणूबाईच्या डाव्या अंगाला. शेठ दारात आला, खिशातला रुमाल काढून डोक्यावर टाकला आणि संपेपर्यंत तसाच उभा राहिला. निघताना त्याने बनूबाईला वाकून नमस्कार केला. तो खोटा नव्हता.

मग मुंबईचा व्यापारी आला, कॅसेट घाऊक विकत घेणारा. त्याने चहाच्या घोटाघोटाला मान डोलवत ऐकलं.

"कोरस एक नंबर. ठेका एक नंबर. ही मेन बाई कोण? भाजीवाली वाटते."

"भाजीवालीच आहे," गुरुदत्त म्हणाला.

"तेच म्हणतो मी. कव्हरवर फोटो कोणाचा छापायचा? आणि आवाजाला वय झालंय. बदलापूरची ती सुनेत्रा आहे ना, ऑर्केस्ट्रात गाते, तिला घ्या."

शेठने टेप बंद केला. मग गुरुदत्तकडे वळला. "दत्ता, तूने बोला था ना, सबका अलग अलग. मग हिचा बंद करून दुसरीचा घालता येतो?"

"शेठ, हे बरोबर नाही. भजन तिचं आहे."

"बराबर-गलत बाद में. होतं की नाही होतं?"

नाही होत, एवढंच म्हणायचं होतं. शेठला यंत्रातलं काही कळत नव्हतं, व्यापाऱ्याला त्याहून नाही. दोघांनी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. पण व्यापारी कप खाली ठेवत हसून म्हणाला, "नसेल होत तर राहू दे. मुंबईत करून घेऊ. इथल्या लोकांना कुठे जमणार."

आणि गुरुदत्तच्या तोंडून निघून गेलं, "होतं. न होण्यासारखं काय आहे त्यात?"

सुनेत्रा आली. मुलगी गुणी होती. हेडफोनमध्ये बनूबाई ऐकत तिने ओळन्‌ओळ बसवली, आणि मधेच विचारलं, "काका, ह्या आजी कोण? छान म्हणतात की. ह्यांचंच का नाही ठेवत?"

"पुढची ओळ घे," गुरुदत्त म्हणाला.

तिचं भरून झाल्यावर त्याने बनूबाईची दांडी खाली ओढली. एका बोटाचं काम. पण एका खोलीत बसून गाणाऱ्यांचे आवाज एकमेकांच्या माइकात सांडतात. बनूबाई बंद झाली तरी वेणूबाईच्या माइकात ती होती, तिच्या शेजारणीच्या माइकात होती. बायका गप्प असतील तिथे तिथे त्याने त्यांचे माइक बंद करत नेले. राहिली फक्त उचल. तिथे बनूबाईचे आणि बायकांचे आवाज एकावर एक होते, सोडवता येत नव्हते.

शेठने ऐकून विचारलं, "लाइन के आखिर में पीछे कोई बुढ़िया है क्या?"

"तिला काढलं तर बायकाही निघतील."

"रहने दो. कौन सुनता है."

बनूबाईला सांगायला तो रोज जाणार होता. नीलिमा विचारायची, "सांगितलंत?" तो म्हणायचा, "उद्या." शेवटी ती म्हणाली, "उद्या ती रस्त्यावर ऐकेल, मग तुम्ही काय सांगणार?" तसंच झालं. श्रावणातला पहिला सोमवार आला आणि देवळाबाहेरच्या दुकानांतून कॅसेट वाजायला लागली. गुरुदत्त दोन कॅसेट घेऊन बनूबाईच्या घरी गेला. ती ओटीवर मेथीच्या जुड्या बांधत होती.

"ठेव तिथं," ती म्हणाली. "ऐकली मी. फुलवाल्याने लावली होती. मना वाटलं, आता मी येईन. तर ही पोरगी आली."

तो खाली बसला.

"माझा काय चुकला होता का सूर?"

"नाही मावशी."

"मंग?"

"व्यापाऱ्याला नको होता. शेठने करायला लावलं."

"तू नाय म्हणायचं होतंस."

"दुसऱ्या कोणी केलं असतं."

"मंग दुसऱ्याने करायचं होतं."

तिने दोरा दातांनी तोडला आणि पुढची जुडी घेतली. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. काहीतरी द्यावं म्हणून तो म्हणाला, "तुमचा आवाज आहे त्यात. नीट ऐकलं तर प्रत्येक ओळीच्या टोकाला आहे."

"ते पण ऐकलं. ताटात उष्टं ठेवावं तसं ठेवलंस." जुडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "मागं मी म्हटलं पुस, तर माझ्या देखत पुसलंस. ह्या वेळी विचारायला काय झालं होतं?"

सुनेने चहा आणला, तो त्याने घेतला, कारण नको म्हणण्याचंही तोंड राहिलं नव्हतं. निघताना बनूबाईने मेथीची जुडी त्याच्या हातात दिली. नीलिमाला दे म्हणाली. पुन्हा ये, असं मात्र म्हणाली नाही.

कॅसेट चालली. वेणूबाईच्या नातवंडांनी तिचा आवाज शोधून शोधून कॅसेट वाजवली, आणि त्यात वेणूबाईचा काय दोष? पुढच्या सोमवारी आवारात बनूबाईने ओळ धरली, तर पुढे बसलेली गल्लीतली एक तरुण सून म्हणाली, "आजी, कॅसेटमध्ये आहे तसं म्हणा ना." बनूबाईने ते भजन सोडून दुसरं घेतलं. गणपतीच्या आत ती पुढची जागा सोडून मागे टाळकऱ्यांत बसायला लागली. गुडघे दुखतात, असं सांगायची. मागे बसूनही गुडघे तेवढेच दुखतात, हे कोणी बोललं नाही. गुरुदत्तला हे सगळं लोकांकडून कळे. देवळात जाणं त्याने सोडलं होतं. देव घरातही असतो, असं तो नीलिमाला सांगायचा.

धंद्यात मात्र त्याचं नाव झालं. माणसं बसल्या जागी ठेवून आवाज बदलून देतो म्हणून कल्याण-ठाण्याहून कामं येऊ लागली. शेठला फक्त ओळीच्या टोकाचं ते सांडणं खुपत होतं. त्याने सुतार बोलावला आणि मुख्य गाणाऱ्यासाठी खोलीच्या कोपऱ्यात काचेची खोली करून घेतली. माप गुरुदत्तनेच दिलं.

तिथे पहिले बसले बदलापूरकडचे हरिचंद्र बुवा. सत्तरीचे, डोक्याला पांढरा फेटा. काच बघून हरखले.

"माझ्यासाठी वेगळी खोली? आणि त्यांना प्रत्येकाला माइक? एवढा मान आम्हाला कोणी दिला नाही हो."

गुरुदत्तने माइक त्यांच्या तोंडासमोर आणला. बाहेर त्यांची मंडळी सतरंजीवर बसून टाळ जुळवत होती. बुवांनी काचेतून बघितलं, कान दिला, परत बघितलं.

"दिसतात सगळे. पण ऐकू येत नाहीत."

"हेडफोन लावा, बुवा," गुरुदत्त म्हणाला. "त्यात येतील."

आणि त्याने दार ओढून घेतलं.