हवेत आवळायचं नाही

फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या शाळेत दहावीच्या वर्गावर होतो. वहिनी एवढंच म्हणाली, "भावजी, लवकर या. हे उठंनात..." गावी, आळ्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अंगणात अण्णाचा, माझ्या थोरल्या भावाचा, जुना ट्रक लाकडी ठोकळ्यांवर उभा होता. सकाळीच त्यानं पाट्यांचे झिजलेले बुश बदलायला घेतले होते; मधेच चहाला म्हणून घरात गेला, तो गेलाच.

पाटा म्हणजे गाडीचा भार पेलणारी पट्ट्यांची स्प्रिंग, आणि बुश म्हणजे तिच्या टोकात, बोल्टाभोवती बसणारं रबर. एवढंसं, पण झिजलं की अख्खी गाडी कुरकुरते. अण्णा तीस वर्षं त्या ट्रकनं कांदा वाहायचा आणि बुशला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. एकदा तो तापानं पडला म्हणून मी हौसेनं बदलले, ऐटीत नट गच्च आवळले आणि मग गाडी खाली घेतली. दोन महिन्यांत रबरं फाटली. अण्णानं वाकून बघितलं आणि पोट धरून हसला. "मास्तर, हवेत आवळलं व्हय? आरं, आदी गाडी चाकावर येऊ दे. भार आला की रबर आपली जागा धरतं, मग आवळायचं. न्हाईतर पीळ पडून फाटतं."

"हवेत आवळणं" हे मग आमच्या घरातलं कायमचं बोलणं झालं. बदलीच्या रागात मी राजीनामा लिहिला, तेव्हा अण्णा तो कागद माझ्या हातातून काढून घेत म्हणाला, "हवेत आवळू नको. चार दिस भार येऊ दे." फार राग आला होता मला त्याचा... आता निवृत्तीला आलोय, तो त्याच्यामुळे.

तेराव्यापर्यंत मी रडलो नाही. पाहुणे, मंडप, जेवणं सगळं बघितलं. लोक म्हणाले, मास्तर खंबीर आहेत. मला मात्र स्वतःची लाज वाटायची. एवढा जीव लावणारा भाऊ गेला आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नाही.

परवा वहिनी म्हणाली, "भावजी, गाडी अजून हवेतच हाय." मी ठोकळे काढले, जॅक उतरवला. गाडी हळूच चाकांवर बसली. पाना घेऊन खाली शिरलो. बुश नवे बसवलेले, नट अण्णानं हातानंच दोन आटे फिरवून सोडलेले, आणि ग्रीसमध्ये त्याच्या अंगठ्याचा ठसा. माझा हात पुढे जाईना. बाहेरून वहिनी म्हणाली, "आवळा की. भार आलाय आता."

गाडीखाली पडल्या पडल्या मी पोटभर रडलो. वहिनी चाकाशी बसून राहिली. मग मी नट आवळले.