उस्तादशी बोलायचं तर समोरून

“हे उस्ताद ओरडतायत का?” मीनाक्षी मॅडमनी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

स्क्रीनवर आमचा उस्ताद होता. हजारेक वर्षांपूर्वीचा इराणी संशोधक. पाण्यावर चालणारी घड्याळं, आपोआप वाजणारी बासरी, असली यंत्रं करणारा. तसे कारागीर तिकडे खरोखर होऊन गेले, हा मात्र गेमपुरता रचलेला. मॅडमची बंगळुरूची कंपनी गेम बनवत होती. त्यात हा म्हातारा खेळणाऱ्याला यंत्रं समजावून सांगतो. गेममधल्या माणसांना चालायला-बोलायला लावणं हे अ‍ॅनिमेटरचं काम, म्हणजे माझं. पण भिवंडीतल्या आमच्या स्टुडिओला तोवर कुणी माणूस दिलाच नव्हता. चार वर्षं आम्ही रांजण, खोकी आणि झुलते कंदील करत होतो. उस्ताद पास झाला तर गेममधली बाकीची माणसंही आमच्याकडे येणार होती. नाही झाला तर परत रांजण.

“नाही मॅडम, नॉर्मल बोलतोय,” मी म्हणाले.

“आवाज बंद करून बघा. सोमवारी परत दाखवा. त्यानंतर मला थांबता येणार नाही.”

कॉल संपला. आमचे बॉस तुषार सर माझ्याकडे वळले. “रुबीना, मी करते म्हणून तूच म्हणालीस ना?”

म्हणाले होते. रांजण करून करून हात शिवशिवत होते माझे.

आवाज बंद करून बघितलं. दहा वेळा. तोंड हलतंय, हात हलतायत, मला काही वावगं दिसेना. सरांनाही दिसेना. खालच्या गोडाऊनचा सुपरवायझर चहाला वर आला होता, त्याला दाखवलं. “बराबर तर बोलतोय की,” तो म्हणाला. आमचं ऑफिस कशेळीला, गोडाऊनच्या वर. खाली दिवसभर कंटेनर रिव्हर्स घेतात. तिथं हळू बोलून भागत नाही, मग हळू बोलणारा माणूस दिसतो कसा ते आम्हाला काय कप्पाळ कळणार. शुक्रवारभर मी खुर्चीत पाच मिनिटं सलग बसले नाही. उठायचं, गच्चीत जायचं, परत यायचं, परत तेच बघायचं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. अ‍ॅनिमेटर हालचाल मनातून काढत नाही. खऱ्या माणसाचं शूटिंग करतो आणि ते शेजारी लावून कॅरेक्टर हलवतो. त्याला रेफरन्स म्हणतात. माझा रेफरन्स घरातच होता. माझे अब्बा. कामतघरच्या कापडाच्या कारखान्यांत चाळीस वर्षं लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे मिस्त्री. यंत्र समजावून सांगावं तर त्यांनीच. मी फोनचा कॅमेरा समोर लावला, म्हटलं लूमवर आडवा धागा घेऊन धोटा कसा पळतो ते सांगा, आणि त्यांचा एकेक ओठ, एकेक बोट उस्तादवर चढवलं. फार खूश होते मी स्वतःवर.

शनिवारी तो मूळ व्हिडिओ पहिल्यापासून लावला. अब्बा प्रत्येक शब्द तोंड फाकून बोलत होते. ते ठीक. लूम चालू असताना कारखान्यात शब्द कानानं ऐकत नाहीत, समोरच्याच्या ओठांवरून उचलतात आणि उरलेलं हातानं सांगतात. मिस्त्री लोकांची ती सवयच. पण हे शूटिंग आमच्या घरात झालं होतं, पंखासुद्धा बंद करून. आणि मी प्रश्न विचारताना ते माझ्या डोळ्यांत बघतच नव्हते. माझ्या ओठांकडे बघत होते. मध्येच मी पडदा सारायला त्यांच्या मागं गेले होते. तिथून विचारलं होतं, “पाणी देऊ?” दोनदा विचारलं होतं. अब्बा ढिम्म. तेवढा भाग मी फालतू म्हणून कापून टाकला होता.

मी घरी गेले. अब्बा गॅलरीत मिक्सर खोलून बसले होते. मागं उभी राहून म्हटलं, “अब्बा, चहा?” काही नाही. मोठ्यानं म्हटलं. काही नाही. मग पुढं गेले आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. चहा?

“अर्धा कप,” अब्बा म्हणाले.

मला रडूच आलं, आणि रागही. त्यांचा नाही, माझा. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, “माझे कान ठणठणीत हायत. तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता.”

रविवारी मी उस्तादचं तोंड लहान केलं, हात आवरले. उस्तादचा पार पुतळा झाला. सोमवारी मी दोन्ही उस्ताद घेऊन बसले. पुतळा आधी दाखवला. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. मग जुना लावला.

“हा तोच आहे,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, तो ओरडत नाहीये. त्याला ऐकू येत नाही. पाणचक्क्यांशेजारी उभं राहण्यात जन्म गेलाय त्याचा.”

सरांनी टेबलाखालून माझ्या खुर्चीला लाथ मारली.

“मग खेळणारा त्याच्याशी मागून बोलला तर?” मॅडमनी विचारलं.

“तर तो उत्तर देणार नाही. समोर यावं लागेल.”

“स्क्रिप्टमध्ये असं काही नाहीये.”

“नाहीये.”

त्या थोडा वेळ काहीतरी लिहीत होत्या. मग म्हणाल्या, “घालू या.”

उस्ताद पास झाला. पुढं गेम तपासणाऱ्यांनी चूक म्हणून नोंदवलं, ‘पाठीमागून बोलण्याचं बटण दाबल्यास उस्ताद प्रतिसाद देत नाही.’ मॅडमनी खाली शेरा मारला, ‘समोर जा.’

गेम तयार झाल्यावर मी तो अब्बांच्या हातात दिला. ते चालत चालत उस्तादच्या मागं जाऊन उभे राहिले आणि बटण दाबत बसले. पाच-सहा वेळा दाबलं.

“बिघाड हाय तुझ्या गेममध्ये.”

मी त्यांच्या समोर जाऊन म्हटलं, “बिघाड नाही. उस्तादला ऐकू येत नाही. पुढून जा.”

ते पुढून गेले. उस्तादनं मान वर केली आणि तो अब्बांसारखेच हात करून यंत्र समजवायला लागला. अब्बांनी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग विचारलं, “हा किती वर्षांपासून असा हाय?”

“तुम्हीच सांगा.”

अब्बांनी हिशोब केल्यासारखं छताकडे बघितलं. “पंधरा तरी झाली असतील.”

दुसऱ्या दिवशी ते आपणहून डॉक्टरकडे आले. आता कानाला मशीन आहे, आणि घरात कुणी आवाज चढवला की त्यांचा दम मिळतो.

बंगळुरूच्या बाईला दहा सेकंदांत दिसलं ते मला पंधरा वर्षं एका घरात राहून दिसलं नव्हतं. तेव्हापासून कुठलंही काम पाठवण्याआधी मी ते भिवंडीबाहेरच्या एका तरी माणसाला दाखवते.