गुलाबबाईंची पंख्याखालची जागा

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडमागं गुलाबबाईंचं शिलाईचं दुकान आहे. त्यांच्या कात्रीला धार होतीच, पण गावात नाव होतं ते जिभेच्या धारेचं. दर रविवारी त्या टिनाच्या छपराच्या लहानशा चर्चमध्ये जात आणि डावीकडच्या तिसऱ्या बाकाच्या टोकाला बसत. चर्चमध्ये पंखे दोन. एक नुसता कुरकुरायचा, दुसरा खरंच वारा द्यायचा. बाईंची जागा बरोब्बर त्या दुसऱ्याच्या खाली. तिथं कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं, आणि लिहायची गरजही नव्हती.

मे महिन्यातल्या एका रविवारी नवरीचा ब्लाऊज संपवता संपवता बाईंना उशीर झाला. घाम पुसत आत येऊन पाहतात तर त्यांच्या जागेवर एक अनोळखी तरुणी, मांडीवर तान्ही मुलगी झोपलेली. तिचं नाव रंजिता. नवऱ्याला इथल्या राइस मिलमध्ये काम लागलं म्हणून दोघं नुकतीच चिचगडहून राहायला आली होती.

बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात ठेवला, खाली वाकल्या आणि ‘ऊठ’ म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात पुढून पास्टर चंद्रशेखर यांचा आवाज घुमला. पास्टर स्वभावानं भोळे, आणि त्या दिवशी चष्माही घरी विसरलेले.

"पाहा, पाहा! सिस्टर गुलाबनं आपली जागा लेकुरवाळीले देली! इतक्या तपनीत! प्रभूची स्तुती असो!"

सगळ्यांनी माना वळवल्या. टाळ्या पडल्या. बाईंचं तोंड अजून उघडंच होतं, त्यातून शेवटी ‘हालेलुया’ एवढंच बाहेर पडलं. मग त्या मागं दाराजवळच्या बाकावर, पाठीवर ऊन घेत बसल्या, आणि सबंध उपदेशभर मनातल्या मनात पास्टरांचा चष्मा फोडत राहिल्या.

पण गोष्ट चर्चच्या दारातून बाहेर पडली ती पडलीच. गुलाबबाई जागा देते, तर आपण काय दगड आहोत, असं मंडळीतल्या भोजराजला वाटलं. आपल्या स्कूटीवर तोवर त्यानं माशीलाही बसू दिलं नव्हतं. त्यानं म्हाताऱ्या चुन्नीलालला मागं बसवून थेट घरी सोडलं. चुन्नीलालच्या मनाला ते इतकं भिडलं, की ज्या आंब्याकडे तो शेजारच्या पोरांना पाहूही देत नसे, त्याच्या कैऱ्या त्यानं टोपलीभर त्या पोरांच्या आईला, अन्नपूर्णाला, नेऊन दिल्या. अन्नपूर्णानं त्यांचं पन्हं केलं आणि सगळ्या मंडळीला पाजलं. रंजिता मोहफुलांचे लाडू घेऊन दुकानात आली. ‘गोड कमी हाय,’ असं म्हणत बाईंनी डबा संपवला.

पुढच्या रविवारी पंखा गरगर फिरत होता आणि त्याखालचा बाक रिकामा! सगळी मंडळी भिंतीला टेकून घामानं निथळत उभी.

"तुमी बसा जी."

"नाय जी, पहिले तुमी."

"माह्यापेक्षा चुन्नीलालभाऊले गरज हाय."

"मले कायले? मी काय मरून राहिलो का?" चुन्नीलाल भडकला.

पास्टर पुस्तक उघडून ताटकळले. शेवटी गुलाबबाई ओरडल्या, "चूप! देव वारा देऊन राहिला अन् तुमी वापस करून राहिले! भाऊ, तुमी बसा. रंजिता, तू बस. बाकीच्यायनं गुमान घाम गाळा!"

सगळे बसले. बाई मात्र पुन्हा दाराजवळच.

त्याच आठवड्यात हातपंपावरच्या शेवाळावर बाईंचा पाय घसरला आणि उजवा हात मोडला. नवरा कधीच वारलेला, मुलगी रायपूरला. लग्नसराईची कामं तशीच पडलेली. मग दयेचा सगळा लोंढा त्यांच्या दारात आला. आजारी माणसाला खायला काय द्यायचं, याबाबत मंडळीचं एकमत होतं. खिचडी, तीही बिनतिखटाची. ती सकाळी एका घरून आली की संध्याकाळी दुसऱ्या घरून यायची.

"हात मोडला माहा, जीभ नाय!" बाई म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही.

भोजराजनं घर झाडून लख्ख केलं आणि शिवायला कापून ठेवलेले दोन ब्लाऊज चिंध्या समजून फेकून दिले. अन्नपूर्णा मशीनवर बसली आणि एका पोलक्याला दोन्ही बाह्या डाव्या लावून मोकळी झाली. बाईंनी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा अगदी मनापासून प्रार्थना केली. मागितला फक्त धीर.

रंजिता रोज दुपारी येई. एक दिवस तिनं बाईंचे केस धुवून दिले. कोमट पाणी डोक्यावरून ओघळताना बाईंनी मान सैल सोडली. आई गेल्यापासून त्यांच्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागला नव्हता.

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुले जागा द्याले नोती आली. उठवाले आली होती."

"मले मालूम हाय, मावशी. तुमचं तोंड पाहूनच समजलं होतं."

"मंग उठली काऊन नाय?"

"पोरगी आत्ताच झोपली होती ना. तिले उठवन्यापरीस तुमच्या शिव्या परवडल्या असत्या."

बाई इतक्या हसल्या की साबण डोळ्यांत गेला.

प्लास्टर निघालं तेव्हा पाऊस लागला होता. शेजारच्या गल्लीतली फुलवंता तापानं अंथरुणाला खिळल्याचं बाईंच्या कानावर आलं. फुलवंता बौद्ध घरातली. चर्चशी तिचा संबंध नव्हता, आणि गुलाबबाईंशी नळाच्या पाण्यावरून गेल्या वर्षापासून बोलणं बंद. बाईंनी लाखोरीच्या डाळीचं झणझणीत वरण केलं, भात केला आणि ताट झाकून तिच्या दारात उभ्या राहिल्या.

फुलवंतानं चादरीतून डोकं वर काढलं. "कायले आली तू?"

"जेवन आनलं."

"आपलं तं भांडन हाय ना?"

"हाय ना. तू बरी झाली का मंग करू. आता जेव."

फुलवंतानं पहिला घास घेतला. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि ताट पुढं सरकवलं.

"भात टाक अजून," ती म्हणाली.