घणाखालून वाचलेलं कास्टिंग

आमच्या फाउंड्रीत बाद झालेलं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी भाग, दिवस मावळायच्या आत फोडलं जायचं. शटर ओढायचं, घण घालायचा, तुकडे परत भट्टीत. आतली भोकं शेजाऱ्याला दिसू नयेत म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वडील म्हणायचे. शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचे फाउंड्रीवाले. शाहूपुरीच्या रस्त्यावर समोरासमोर आले की ते आणि वडील चपलांकडे बघत निघून जायचे.

त्या वर्षी आमच्या पंपाच्या कास्टिंगमध्ये सारखी भोकं निघू लागली. मोठ्या गिऱ्हाइकाने बजावलं, पुढचा माल असाच आला तर काम बंद. ते काम गेलं असतं तर आमची भट्टी विझलीच असती.

त्याच सुमारास सरकारची योजना आली. बराचसा खर्च सरकारचा, उरलेला आम्हा कारखानदारांचा, आणि कास्टिंगच्या आतलं दाखवणारं एक्स-रे यंत्र सगळ्यांचं. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी माणसं भागीदार झाली, त्यात शेजारीही. पहिल्या दिवशी या शहाण्यांनी तपासायला काय आणावं? निवडून निवडून चांगला माल! आम्हीही तेच आणलं होतं.

"धडधाकट माणसं घेऊन दवाखान्यात आलात होय?" सरकारी साहेब म्हणाले.

सगळे आपापल्या चांगल्या मालाकडे बघत बसले. मला सगळ्यांचा संताप आला, स्वतःचासुद्धा. सकाळीच एक बाद कास्टिंग मी घणाखालून ओढून घेतलं होतं. त्यावरून वडिलांशी कडाक्याचं भांडण झालं होतं. ते कास्टिंग बाहेर गाडीत पडून होतं. मी उठणार तोच वडील उठले, स्वतः ते घेऊन आले आणि यंत्रावर ठेवलं. 

पडद्यावर सुपारीएवढी भोकं उमटली. शेजारी उठून अगदी जवळ गेले. आता टोमणा येणार, असं मला वाटलं.

"आमचंबी हेच हाय की," ते हळू म्हणाले.

त्यांनी लगेच आपलं एक बाद कास्टिंग मागवलं. तीच भोकं, त्याच जागी. दोघांची साच्यांची वाळू एकाच ठिकाणाहून यायची आणि खोट पुढे त्या वाळूतच निघाली. वाळू बदलली, काम टिकलं.

पण त्या दिवशी घरी येताना हे काही ठरलं नव्हतं.  गाडीत वडील म्हणाले, "शेजाऱ्याचं एकबी कास्टिंग बाद होत न्हाय, असंच धरून चाललो जन्मभर. मलाच जमत न्हाय म्हणून झुरत ऱ्हायलो."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली.