साडभाऊच्या पॅडची कच्ची शिलाई

कुडव्यात केशोराव तुरकरचं सीट कव्हरचं दुकान आहे. मोटरसायकलच्या सीटा शिवता शिवता या माणसाची तीस वर्षं गेली, आणि एवढ्या काळात त्याला दोन रोग जडले. एक कुडव्याच्या हॉकी टीमचा आणि दुसरा साडभाऊ छोटेलालचा. पहिल्याबद्दल तो भेटेल त्याला ऐकवायचा. दुसऱ्याबद्दल बोलायची गरज नव्हती, तो तोंडावर दिसायचा.

छोटेलाल म्हणजे केशोरावच्या बायकोच्या, सुशिलाबाईच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. राहणार कामठ्याचा, घरची राईस मिल. केशोराव मोठा जावई, पण सासुरवाडीत पाय धुवायला तांब्या निघायचा तो छोटेलालची गाडी दारात लागल्यावर. तोवर मोठे जावई धुळीच्या पायांनी खाटेवर बसून राहायचे. केशोरावनं तेही गिळलं असतं. पैशापुढे लोक वाकतात, हे त्याला कळत होतं. पण पाच वर्षांपूर्वी छोटेलालनं कामठ्याची हॉकी टीम उभी केली आणि केशोरावच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

अहो, या माणसाला पेनल्टी कॉर्नर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. गोल झाला की शेजारच्याला विचारायचा, आपला का त्यांचा? आणि त्याची टीम पहिल्याच वर्षी सेमीत गेली, दुसऱ्या वर्षी शील्ड घेऊन आली. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सरले की आसपासच्या सहा गावांची ही टुर्नामेंट भरते; सगळे सगळ्यांशी खेळतात आणि पहिले चार सेमीत जातात. त्यात सगळ्यांत पुढच्या सोफ्यावर छोटेलाल, गळ्यात शाल, मांडीवर नारळ. आणि ज्यानं जन्मभर हॉकीशिवाय दुसरं काही पाहिलं नाही, तो केशोराव गोलपोस्टच्या मागं, उन्हात, उभा. कुडव्यानं सेमीचं तोंड अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. अकरा वर्षं तो दर डिसेंबरात म्हणायचा, या वर्षी जमते पाहा. जमत नव्हतं.

या वर्षी तर पहिल्या तीन मॅच ओळीनं गेल्या. तिसरी बुधवारी, कामठ्याकडूनच, चार-शून्य. वर मॅच संपल्यावर छोटेलाल येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पोरं चांगली खेळली तुमची." केशोरावला वाटलं, यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं.

गुरुवारी दुपारी छोटेलालची गाडी दुकानासमोर थांबली. गाडीतून निघाले गोलकीपरचे पायाचे पॅड. दोन्हींचे पट्टे उसवलेले.

"साडभाऊ, याले तुमच्याशिवाय कोणाचा हात नाई चालत," छोटेलाल म्हणाला. "शुक्रवार-शनिवार आमची मॅच नाई. रविवारी नागऱ्याशी आहे. आमचं तं सेमीचं पक्कं झालं, पण योगराज म्हणते, पॅडशिवाय उभा नाई राहत."

योगराज त्यांचा गोलकीपर. छोटेलालनं बाकावर बसून ओळीतल्या सगळ्या दुकानांना चहा सांगितला. आजूबाजूचे लोक येऊन त्याला रामराम करू लागले. केशोरावच्याच दुकानात, केशोरावला सोडून.

पॅडचा पट्टा जाड असतो. त्याला दुहेरी नायलॉनचा दोरा लागतो, मेण लावलेला, आणि दाभणानं एकेक टाका ओढून घ्यावा लागतो. केशोराव ते झोपेतही करू शकला असता. पण त्यानं अस्तराचा बारीक सुती दोरा काढला, एकेरी ओवला, लांब लांब टाके घातले आणि वरून काळं पॉलिश फिरवलं. दिसायला शिलाई अशी झाली, की कंपनीवाल्यानंही मान डोलवावी. एखादी मॅच निघेल, असा त्याचा अंदाज. सेमीत, सगळ्या गर्दीपुढे पट्टा सुटेल आणि सोफ्यावरचा माणूस खाली मान घालेल. कुडवा तर बुडालंच होतं. मग कामठा तरी कशाला तरावं?

"वा," छोटेलाल पॅड उलटसुलट करून म्हणाला. "नवे झाले." त्या संध्याकाळी केशोरावला भाताचे दोन घास जास्तच गेले.

आणि मग जे अकरा वर्षांत झालं नाही ते झालं. शुक्रवारी कुडवा जिंकलं. शनिवारीही जिंकलं, तेही तीन-एकनं. संध्याकाळी टीमचा कॅप्टन ओमेश धावतपळत दुकानात आला. मॅच खेळून त्याचे गुडघे सोलले होते, पण आनंद तोंडावर मावत नव्हता.

"काका, आता एकच पाहिजे. उद्या कामठ्यानं नागऱ्याले हरवलं का आपण सेमीत. बरोबरी झाली तरी आपण बाहेर, त्याहीचे गोल जास्त आहेत."

"कोणी हरवलं पाहिजे?"

"कामठ्यानं. तुमच्या साडभाऊच्या टीमनं. काऊन, काका? तोंड काऊन उतरलं तुमचं?"

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, ते केशोरावनं सुई-दोऱ्यानं करून ठेवलं होतं. ओमेश गेल्यावर त्यानं फोन हातात घेतला. छोटेलालचा नंबर काढला. नंबरासोबत शील्ड धरलेला छोटेलालचा फोटो, सगळे दात दाखवणारा. केशोरावनं फोन खाली ठेवला. एक मॅच तर टिकेलच की, त्यानं स्वतःला समजावलं. तरीही सकाळी निघताना त्यानं दाभण आणि नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ खिशात टाकलं.

रविवारी तो कामठ्याच्या गोलमागं उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला कामठा जिंकायला हवं होतं, आणि ते त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. देवाला हात जोडावेत तर जवळचा देव म्हणजे नागऱ्याचा महादेव, तो आपल्या गावाला सोडून याचं कशाला ऐकेल? दहाव्या मिनिटाला कामठ्यानं गोल केला. सोफ्याकडून फटाके वाजले. पलीकडे ओमेश आणि कुडव्याची पोरं नाचू लागली, "कामठा, कामठा" ओरडू लागली. आपली पोरं छोटेलालचा जयजयकार करताहेत, हे पाहून केशोरावचा इतका जळफळाट झाला की क्षणभर त्याला वाटलं, नागऱ्यानं दोन गोल ठोकावेत. मग त्यानं स्वतःलाच शिवी घातली.

हाफटाइमला दोन मिनिटं असताना नागऱ्याचा एक जोराचा फटका आला. योगराजनं उजव्या पायानं अडवला. बॉल बाहेर गेला, आणि वरचा पट्टा तट्टकन सुटून लोंबू लागला. दुसऱ्या पट्ट्याचे टाकेही उकलत चालले होते. केशोरावला ते दहा हातांवरून दिसत होतं. पुढची पंचवीस मिनिटं हा पॅड टिकणार नव्हता.

शिटी वाजली. केशोराव सोफ्याकडे गेला. छोटेलाल पाचसहा जणांत बसून पोहे खात होता.

"पॅड द्या इकडे. शिवून देतो."

"कायले? गुरुवारीच तं शिवले तुम्ही."

दोरा खराब निघाला, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. केशोरावच्या जिभेवर ते आलंही होतं. पण छोटेलाल लगेच म्हणाला, "दोरा खराब असन. होते असं. तुमचा काय दोष?" आणि ही माफी, न मागता मिळालेली, केशोरावला सहन झाली नाही. तो खाली वाकला आणि फक्त छोटेलालला ऐकू जाईल असं म्हणाला, "दोरा नाई खराब. मी जाणून कच्चं शिवलं. तुमचं चांगलं झालेलं पाहावत नाई मले."

छोटेलालनं पोह्यांची प्लेट खाली ठेवली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आता पक्कं शिवता का?"

"हाव."

"मंग बसा."

पाचसहा जणांना उठवून त्यानं केशोरावला सोफ्यावर बसवलं. योगराजकडून पॅड मागवला आणि स्वतः समोर उकिडवा बसून तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. केशोराव दाभणानं टाके घालू लागला. दुहेरी नायलॉन, जवळ जवळ टाके. एकदा दाभण बोटात घुसलं. शेवटची गाठ बसल्यावर छोटेलाल उठला आणि माइकवाल्याच्या कानाशी लागला.

भोंगा करकरला. "ध्यान दीजिए! कुडवा के हमारे केशोरावजी तुरकर, जिन्होंने खेलभावना दिखाते हुए सामनेवाली टीम का पॅड खुद अपने हाथों से सी कर दिया! कामठा टीम की तरफ से उनका सत्कार किया जाता है!"

टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला सुशिलाबाई बहिणीला, मंजूला, कोपरानं ढोसून दाखवत होती. छोटेलालनं स्वतःच्या हातानं शाल पांघरली, नारळ दिला, आणि शाल नीट करता करता हळूच म्हणाला, "मंजूले नाई सांगत मी. तुम्ही बी घरी सांगू नका."

दुसऱ्या हाफमध्ये नागऱ्यानं जीव तोडून चढाई केली. योगराजनं दोन बॉल त्याच पॅडवर झेलले. टाका हलला नाही. एक-शून्यवरच शेवटची शिटी वाजली. अकरा वर्षांनी कुडवा सेमीत गेलं. ओमेशनं धावत येऊन केशोरावचे पाय धरले. "काका, तुमच्यानं झालं हे," तो म्हणाला, आणि पोरांनी शालीसकट त्याला उचलून मैदानात फिरवलं.

घरी परतताना स्कूटीवर मागं बसलेली सुशिलाबाई म्हणाली, "पायलं का, किती मोठ्या मनाचा माणूस आहे. आपल्या टीमची मॅच सुरू असताना दुसऱ्याचा सत्कार कोण करते?"

कुडवा सेमीत गेलं म्हणून केशोरावनं रस्ताभर नाचायला हवं होतं. पण त्याच्या मनात एकच घोळत होतं. छोटेलालनं चारचौघांत चार शिव्या हासडल्या असत्या, कॉलर धरली असती, तर तो आणि आपण एका पातळीवर आलो असतो. तेही त्यानं होऊ दिलं नाही. इतक्या वर्षांत केशोरावच्या हातून एक पाप घडलं होतं, आणि तेसुद्धा साडभाऊच्या मोठेपणातच जमा झालं.