धुतलेले दात

मी तापट. आमच्या पहूरला म्हणायचे, ही पोरगी जिवंत माणसांत टिकायची नाही. झालंही तसंच. मेलेल्यांच्या हाडांवरून जुने रोग ओळखायचं काम मी धरलं.

शिरपूरकडे तापीकाठच्या एका टेकाडावर आमचं उत्खनन चालू होतं. हजारो वर्षांपूर्वीच्या घराची जमीन उकरताना चुलीशेजारी एका बाईचा सांगाडा निघाला. नाकाच्या हाडाची कड झिजलेली, हातापायांची बोटं टोक काढलेल्या पेन्सिलीसारखी. बघताच वाटलं, कुष्ठरोग! पण हाडांवरून फार तर शंका घ्यावी, खात्री दातांतून करायची. दाताच्या पोकळीत वाळलेल्या रक्तात रोगजंतूचा अंश कधीकधी टिकून राहतो. फक्त त्याला आपला घाम, थुंकी, पाणी लागता कामा नये. “हात लावाल तर याद राखा,” असं सगळ्यांना बजावून मी हातमोजे आणायला शिरपूरला गेले.

परत येते तर काय! बाई लख्ख! खोदकामावरचे नाना खड्ड्याशी बसलेले. सत्तरीचे, आमच्यातला सगळ्यांत हलका हात त्यांचा. कळशीभर पाण्यानं त्यांनी तिला धुतली होती. सुटलेले दातसुद्धा चोळून फडक्यावर मांडले होते.

“अहो नाना, वाटोळं केलंत!”

“गावले निंघनी ती. आंघोय नको का, ताई?”

बाई खोक्यात घालून पुण्याला जाणार, हे त्यांनी ऐकलं होतं. तिला पारोशी कशी धाडायची? त्यावर मी त्यांना चारचौघांत जे बोलले, ते लिहायची आज लाज वाटते.

त्यातलेच दोन दात देवाचं नाव घेऊन तपासणीला पाठवले. काही महिन्यांनी उत्तर आलं की जंतूचा अंश मिळाला नाही, आजच्या माणसाचाच भरपूर मिळाला. मी चिडून रडले. मग नानांना सांगायला त्यांच्या गावी गेले. खरं तर पुन्हा भांडायलाच गेले होते.

त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, “तो रोग व्हता का तिले?”

“छातीठोक सांगता येणार नाही आता. हाडं म्हणतात, होता. बरीच वर्षं.”

“आनि घरमा ठेवं तिले?”

“घरातच. बोटं अशी झडलेली, म्हणजे कुणीतरी भरवतही असेल.”

विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. हाडं माया सांगत नाहीत. पण बोलून गेले.

नाना म्हणाले, त्यांच्या आईलाही हाच रोग झाला होता. तिला वावरातल्या झोपडीत ठेवली होती. गेली तेव्हा कुणी हात लावला नाही, आंघोळ घातली नाही, तशीच पुरली. माझा सगळा राग उतरला.

“त्या लोकेस्कडे ह्या रोगन्या गोया नव्हत्या ना, ताई?”

“नव्हत्या गोळ्या तेव्हा, नाना. कुठून असणार?”

“मन्ही मायले गोया मियेत, दवाखानामा,” ते म्हणाले. “तवय मीच आनू त्या. आनि झोपडीमा लांबतून फेकू.”