सिंहिणीचा डावा कान

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो आणि मग एका म्हाताऱ्या माणसाचं कौतुक वाटतं.

शिमग्याच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका बंगल्यातून भर दुपारी दागिने गेले. कुलूप शाबूत, कपाट किल्लीनं उघडलेलं. मालकांनी फिर्यादीत संशय घेतला तो स्वयंपाकाच्या बाईंवर. बाई विधवा, मूळच्या कागलच्या. जबाबासाठी तीन दिवस आमची जीप त्यांच्या दारात उभी होती आणि सगळी गल्ली बघत होती. बाईंचं एकच म्हणणं, "सायेब, मी कपाटाला हात लावल्याला न्हाय. रविवारी माझ्या पोरीला बघायला पावणं येनार हाईत. मला आत टाकलासा तर तिचं लगीन मोडलंच की." अशी रडगाणी नोकरीत पुष्कळ ऐकली होती. मी मनावर घेतलं नाही.

शुक्रवारी खबऱ्यानं बातमी आणली. मालकांचा पुतण्या त्या दुपारी बंगल्याच्या मागच्या बोळात दिसला होता. पण खबऱ्या काही साक्षीला उभा राहत नसतो. पुतण्याला बोलावलं, तर गडी अगदी निवांत. त्यानं टेबलावर शहराबाहेरच्या सफारीचं त्याच तारखेचं तिकीट ठेवलं आणि एक फोटो ठेवला. बसच्या जाळीपाशी तो हसतोय, मागं सिंहीण. मोबाईल म्हणे घरी विसरला होता, फोटो मित्रानं काढलेला. मित्रही ठाम. मला एवढंच खटकलं, की निर्दोष माणूस सहलीचं तिकीट इतकं जपून ठेवत नाही.

शनिवारी सकाळी खातरजमा करायला सफारीत गेलो. खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं तपास विसरलो. आयुष्यभर लोकांना गजाआड घातलं, इथं मीच जाळीत आणि जनावरं मोकळी. माळावर गवे चरत होते. पुढच्या कुंपणात सिंहीण बसच्या इतक्या जवळून गेली, की माझ्या हवालदारानं पाय वर घेतले. कुणाची पर्वा नाही, घाई नाही. काय रुबाब होता तिचा.

सोबत तिचे राखणदार होते, साठीचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचे आजोबा संस्थानात शिकारीचे चित्ते सांभाळायचे. मी फोटो पुढं केला. चाचांनी पुतण्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"ह्यो फोटो कवाचा म्हनं?"

"पंधरवड्यापूर्वीचा."

"न्हाय साहेब. सिंहीण आमच्याकडं ही एकच. फोटूत हिचा डावा कान बघा, शाबूत हाय. दिवाळीत जोडीदारानं फाडला की तो. मीच धरून बसलोतो, डॉक्टरांनी टाकं घातलं."

मी बाहेर पाहिलं. सिंहिणीचा डावा कान टोकाला चिरलेला होता. आत्ताच ती माझ्यासमोरून गेली होती, फोटो माझ्या हातात होता, आणि मला काही दिसलं नव्हतं. आम्ही सगळे फोटोतल्या माणसाकडं बघत बसलो होतो.

औषधोपचाराच्या वहीत टाक्यांची नोंद सापडली. पंचांसमक्ष ती ताब्यात घेतली आणि मित्राला समोर बसवलं. दहा मिनिटांत त्यानं तोंड उघडलं. त्या दिवशी सफारीला तो एकटाच गेला होता; तिकीट त्याचं, पुतण्याचा फोटो आदल्या वर्षीचा. दागिने या मित्राच्याच माळ्यावर, पोत्यात मिळाले. संध्याकाळी पुतण्याला अटक झाली.

चाचांना फोन करून आभार मानले. ते म्हणाले, "माझं काय त्यात? रोज बघतो तिला." कित्येक वर्षं रोज तीच जनावरं बघायची आणि तरीही नीट बघायचं, हे सोपं काम नाही. मी तेवढं केलं असतं तर कितीतरी केसेस लवकर सुटल्या असत्या.

त्याच संध्याकाळी जीप घेऊन बाईंच्या गल्लीत गेलो. मुद्दाम दारात उभं राहून, चार लोकांना ऐकू जाईल असं सांगितलं, की सफारीतल्या सिंहिणीच्या फाटक्या कानावरून चोर सापडला, बाईंचा काही संबंध नाही. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. वाटलं, बाई रडतील, हात जोडतील.

त्यांनी पदर खोचला आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "तीन दिस मी घसा फोडून सांगत होते सायेब, ते पटलं न्हाय तुमास्नी. सिंहिणीच्या कानाचं पटलं व्हय?"

मी टोपी काढून हातात घेतली. त्यांनी आत वळून लेकीला चहा टाकायला सांगितलं.